टोपीवरचा स्तंभ कुणी उतरवला?

मी ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे कितीतरी घरांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी गणवेशातल्या आजोबांचा फोटो असतो. त्यामुळे शिबिरात पोरं हमखास विचारतात, "दादा, महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, हे खरं का?"

खरं आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्या काळच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि 'महार' हा शब्द होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. आजच्या बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स मशीनगन आहेत आणि स्तंभाच्या जागी खंजीर आहे.

मशीनगनचं कारण समजतं. पण स्तंभ का गेला? नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं : तो इंग्रजांच्या विजयाची खूण होता. ठीक आहे, मग हाच नियम सगळ्यांना लावा. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे. असई आपल्या जालना जिल्ह्यात. तिथे १८०३ मध्ये मद्रासचे शिपाई इंग्रजांच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध लढले. सारागढीचे शीख वीरही १८९७ मध्ये इंग्रजांच्याच फौजेत होते. त्यांचा दिवस सन्मानाने पाळला जातो, आणि पाळलाच पाहिजे. मग राष्ट्रभक्तीची परीक्षा आमच्याच स्तंभाची का?

त्या स्तंभावर २२ महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत. ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांची नावं दगडावर! पुढे इंग्रजांनीच 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी महार भरतीचा आग्रह धरला. बिल्ल्यावरचा स्तंभ हे त्या बंदीला दिलेलं उत्तर होतं.

खंजीर कुठल्याही पलटणीला शोभेल. पण खंजिरावर कुणाचं नाव नसतं. समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट पक्की कळली : कोणती आठवण मिरवायची आणि कोणती पुसायची, हे सत्ता ठरवते. म्हणून मी पोरांना सांगतो, स्तंभ बिल्ल्यावर परत यावा ही मागणी जरूर करा. पण त्याआधी एक जानेवारीला सेल्फी काढून परतू नका. जवळ जाऊन ती नावं एकेक करून वाचा.