पांदण आणि फोरलेन

मोहाडी तालुक्यात धानाच्या बियाण्याचे काम करायचे, तर डांबर संपल्यानंतरचा तुकडाच महत्त्वाचा. आंधळगाव असो, जांब-कांद्रीचा पट्टा असो की वैनगंगेपलीकडचे करडी, बांधीपर्यंत पोचायचे ते पांदणीनेच. रोवणीच्या दिवसांत तिथे ट्रॅक्टरच्या चाकांचे दोन खोल चर आणि मधे गवताचा उंचवटा. उन्हाळ्यात तोच चिखल वाळून कडक होतो, नदीकाठच्या गावांकडे वाळू लागते. साध्या मोटारसायकलचे पोट या वाटेवर घासते. म्हणून मी उंच गाडी घेतली. पुढे २१ इंची अरुंद चाक, मागे १८ इंची, तारांच्या रिम, लांब शॉकअप, टायरला जाड गुटके.

अशा गाड्या आपल्याकडे रुळायला वेळ लागला. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली. ती नेमकी कुणासाठी, हेच गिऱ्हाइकाला उमगले नाही आणि काही वर्षांत ती बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आली, तेव्हा कुठे चित्र पालटले. तरुण पोरे त्या लडाखसाठी घेतात. मी घेतली ती पांदणीसाठी.

पण याच गाडीवर मला नागपूरही गाठावे लागते. वरठीवरून भंडारा, तिथून राष्ट्रीय महामार्ग ५३, मग मौदा आणि पुढे. पांदणीत ताशी वीसच्या वेगाने निमूट चालणारी गाडी फोरलेनवर सत्तरच्या पुढे गेली की वेगळेच वागू लागते. उन्हाळ्यात दुपारचा गरम वारा थेट छातीवर येतो. मौद्याला कन्हानच्या पुलावर अडोसा नसतो. शेजारून कंटेनर गेला, तर त्याच्या तोंडाची हवा आधी बाहेर ढकलते आणि पाठीची हवा लगेच आत ओढते.

हा हलण्याचा प्रकार एक नाही, दोन आहेत, हे मला चालवता चालवता कळले. एकात हँडल जवळजवळ शांत असते आणि गाडी भरल्या बंडीसारखी मागून डोलते, सेकंदाला दोन-तीन हेलकावे. दुसऱ्यात मागचा भाग जागेवर असतो आणि हँडलच थरथरते, सेकंदाला सहा ते दहा वेळा. अभियंते पहिल्याला वीव्ह आणि दुसऱ्याला वॉबल म्हणतात. ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प यांनी १९७१ च्या शोधनिबंधात या दोन्ही हालचाली गणिताने मांडल्या. कुठली हालचाल होते आहे हे ओळखले, तर दोष कुठे शोधायचा त्याची दिशा मिळते.

भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे गाडी नेली, तेव्हा त्याने पाना उचललाच नाही. "पयले हवा पाहू जी, मंग बाकी," म्हणाला. पांदणीतल्या वाळूसाठी टायर थोडे मऊ ठेवले की चाक रुतत नाही, पण तीच हवा महामार्गावर चालत नाही. टायरची बाजू आणि जाड गुटके वेगात वाकतात, सुटतात, पुन्हा वाकतात. त्यानंतर त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि पुढचे चाक फिरवून रिम आऊट आहे का पाहिले. मग हँडल डावीउजवीकडे हळू वळवले; कोनसेट झिजला असेल तर मधोमध खाच लागल्यासारखे अडते. शेवटी मागच्या चिमट्याला धरून बाजूला हलवले, बुश ढिले आहेत का ते कळायला. सगळे जागेवर होते. हवा भरूनही डोलणे पूर्ण गेले नव्हते. उरला तो भार, वारा आणि चालवणारा.

भाराचे गणित त्याने मला बोटाने धुळीत काढून दाखवले. हँडलचा तिरपा दांडा तसाच खाली वाढवला, तर तो जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या थोडे मागे टायर टेकलेला असतो. याच अंतराला ट्रेल म्हणतात. चाक जरा वळले की रस्ता त्याला मागे ओढून पुन्हा सरळ करतो. गाडी हात सोडला तरी सरळ जाते, त्यामागे हे एक मोठे कारण. पण त्यासाठी पुढच्या चाकावर पुरेसे वजन हवे. माझ्या बियाण्याच्या पुड्या मागच्या उंच पेटीत असत. ही पेटी मागच्या आसाच्याही मागे, त्यामुळे तेवढा भार पुढचे चाक हलके करणारा. शिवाय पेटी वाऱ्यात उभी. पुड्या दोन बाजूंच्या थैल्यांत, खाली आणि जितक्या पुढे जातील तितक्या पुढे हलवल्या. पेटीत आता फक्त रेनकोट आणि कागद. मागचे डोलणे बहुतेक गेले.

वाऱ्याला मात्र उपाय थोडा. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. चाळीसला जाणवत नाही ते ऐंशीला अंगावर येते. या गाडीचे पुढचे मडगार्ड चिखल अडकू नये म्हणून चाकापासून उंच, हँडल रुंद, बसणे ताठ. हे सगळे पांदणीसाठी बरोबर आहे आणि हे सगळेच वारा धरते. छाती मागे रेटली गेली की माणूस हँडलला लोंबकळतो आणि अंगाचा प्रत्येक हेलकावा थेट पुढच्या चाकात जातो. म्हणून आता वाऱ्यात मी कमरेतून पुढे वाकतो, कोपर मोडतो आणि गुडघ्यांनी टाकी धरतो. शरीर टाकीने धरायचे, हाताने नाही.

हात ढिले ठेवायला मला पांदणीनेच शिकवले होते. वाळूत पुढचे चाक आपली वाट शोधत इकडेतिकडे फिरते. हँडल घट्ट धरले की चाक खुपते आणि माणूस पडतो. खेळू दिले तर गाडी स्वतःच सरळ होते. महामार्गावरच्या थरथराटातही हेच. घट्ट पकड म्हणजे आपले दोन हात त्या हालचालीत सामील करणे.

हात सारखे, पण बाकीचे उलटे. वाळूत फूटरेस्टवर उभे राहून वजन मागे न्यायचे आणि एक्सलेटर देत राहायचा. फोरलेनवर वजन पुढे आणायचे आणि एक्सलेटर हळूहळू सोडायचा. पुढचा ब्रेक दाबायचा नाही. लांब शॉकअप खाली बसतात, गाडी नाकावर येते, हँडलचा कोन बदलतो आणि सावरायला हवा असलेला ट्रेल नेमका तेव्हाच कमी होतो. डोलणे वीसएक किलोमीटरने वेग उतरला की आपोआप विझते.

फोरलेनवर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. वाऱ्याच्या दुपारी मी ती गाठतच नाही, पासष्टवर ठेवतो. पावसाळ्यात जाड गुटक्यांचे टायर, धान निघाल्यावर कमी गुटक्यांचे. दोन्हीकडे सारखे चालेल असे टायर मला अजून मिळालेले नाही.

शेजारच्या पोराने नुकतीच अशी गाडी घेतली. लडाखला जायचे म्हणून तीन पेट्यांचे लोखंडी कॅरिअरही बसवून आणले. "काका, किती पळते?" त्याने विचारले. मी म्हटले, जेवढे सामान लडाखला नेणार तेवढे सगळे बांध, हवा पूर्ण भर आणि आधी दुपारच्या वाऱ्यात मौद्यापर्यंत जाऊन ये. परत आल्यावर तिसरी पेटी त्याने स्वतःच काढून ठेवली.