घोड्याची रजा

माथेरानात खासगी मोटारींना मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यापाशी त्या थांबतात. पुढे तांबड्या मातीच्या वाटा लागतात. या वाटांवर घोड्यांच्या जिवावर आजही कित्येक कुटुंबांची गुजराण होते. अशाच एका घरचा कुमैत घोडा मे महिन्यातील एका सकाळी उतारावर किंचित अडखळला. एखाद्याच्या ते ध्यानातही आले नसते. मालकाने मात्र पाठीवरच्या मुलाला अलगद उतरविले आणि तो घोड्याच्या पायांशी उकिडवा बसला.

पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्या त्याने आळीपाळीने तळहातात धरून पाहिल्या. उजवी थंड होती. डावीच्या मागल्या बाजूस ऊब होती, आणि बोट दाबताच घोड्याने पाय आखडून घेतला. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस असे नसतेच. असतात ती हाडे आणि दोरखंडासारखे चिवट स्नायुबंध. अंगाचा निम्म्याहून अधिक भार त्या दोन पायांवर! “शीर दुखावलेली दिसते,” एवढेच तो म्हणाला आणि खोगीर त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतले.

आरंभीचे दिवस सोपे गेले. पायावर थंड पाण्याची धार धरावी, पट्टी बांधावी, चंदी कमी करून गवत वाढवावे. कारण बसून पुरी चंदी खाल्लेल्या घोड्याचे अंग कामाला लागताच आखडते. आठवड्यात सूज उतरली, पुढे लंगडणेही थांबले. खरी कसोटी लागली ती तेव्हा. स्नायुबंधाला रक्ताचा पुरवठा बेताचाच; तुटलेले तंतू जुळून यायला महिने लागतात आणि वरून तर काहीच दिसत नाही. गुरांच्या डॉक्टरांनी हे बजावले होते. पण ऐन मोसमात, गिऱ्हाईक दारी उभे असता, टापा आपटणारे धडधाकट जनावर दावणीला ठेवणे सोपे नव्हे.

“अहो, आता चालतोय की!” शेजारी म्हणत. मालक उत्तर देत नसे. तो नाक्यावर जाई आणि प्रवाशांच्या पेट्या डोक्यावर घेऊन चढ चढे.

मृगाचा पाऊस आला, मोसम सरला. सपाट जागी घोड्याला हाती धरून चालविणे सुरू झाले : प्रथम दहा मिनिटे, मग पंधरा. रोज फिरवून आणल्यावर नळीवरून हात फिरे.

दसऱ्याला मुलाने खोगीर पुसून लखलखीत केले, घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि आशेने बापाकडे पाहिले. बापाने दोन्ही पाय चाचपले. खोगिराची पूजा झाली; ते पुन्हा खुंटीला गेले.