मागच्या सीटवरचे गुडघे

‘मोगल’ म्हटलं की आपल्या डोक्यात चौथीचं इतिहासाचं पुस्तक उघडतं. स्कीइंगमधल्या मोगलांचा त्याच्याशी काही संबंध नाही. बर्फाच्या उतारावर एकामागोमाग एक जे उंचवटे तयार होतात, ते मोगल. ऑस्ट्रियाकडच्या जर्मन बोलीत ‘मुगेल’ म्हणजे छोटी टेकडी, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. या उंचवट्यांवरून जोरात खाली येण्याची ऑलिंपिकमध्ये स्पर्धा असते. 1992 पासून तिला पदकं आहेत.

मी बदलापूरची. आमच्याकडे बर्फ फ्रीजरमध्ये असतो, तोही आईचं व्हिपिंग क्रीम ठेवून जागा उरली तर. तरी या खेळातलं एक तंत्र मी चार पावसाळे घोटवलं आहे. बाबांच्या बाइकवर, मागे बसून, हातात केक धरून.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं होते. 2019 मध्ये तो बंद पडला. लॉकडाउनमध्ये आईने केक करायला घेतले आणि बघता बघता घराचा हप्ता केकवर आला. आमची निम्मी गिऱ्हाइकं उल्हासनगरची. तिथे वाढदिवस दणक्यात होतात आणि एगलेस केकला मागणी असते. कात्रपहून निघायचं, चिखलोली, फॉरेस्ट नाका, मटका चौक करत श्रीराम चौक गाठायचा. दहा-बारा किलोमीटर. लोकलने तीनच स्टेशनं, पण संध्याकाळच्या गर्दीत आणि पुलाच्या जिन्यावर दोन मजली केक नेऊन दाखवा. रिक्षाचं भाडं दिलं तर नफा रिक्षावाल्याचा. म्हणून बाबा बाइक चालवतात आणि मी मागे बसून केक सांभाळते.

जुलैमध्ये या रस्त्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, वरून चाक गेलं की ते दाबलं जातं, खालची खडी सुटते आणि वरचा थर बसतो. मग सगळे तो खड्डा चुकवायला एकाच बाजूने जातात, आणि ती बाजूही तुटते. बर्फातही हेच होतं. प्रत्येक जण वळताना स्कीच्या कडेने बर्फ बाजूला लोटतो. मागचा त्याच खाचेतून वळतो. खाच खोल होत जाते, ढीग वाढत जातो. आधी गेलेल्यांनी केलेली वाट मागच्याच्या गुडघ्यांना भोगावी लागते. फरक इतकाच की तिथे लोक हौसेने जातात.

आमच्या वाटेवर खड्ड्यांच्या जोडीला टेंगळंही आहेत. कुठे खड्डा बुजवताना टाकलेले पेव्हर ब्लॉक वर आलेले, कुठे स्पीडब्रेकर. भारतीय मानकाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने त्यावरून नीट जाता येतं. गल्लीबोळात मात्र हातभर रुंदीचे असतात. त्यावर चाक चढतं कमी आणि आपटतं जास्त.

2022 च्या फेब्रुवारीत बीजिंग ऑलिंपिक चालू होतं. खोक्यांना रिबिनी बांधता बांधता फोनवर एक क्लिप समोर आली. ऑस्ट्रेलियाची जकारा अँथनी मोगलवरून खाली येत होती. त्या दिवशी तिला सुवर्णपदक मिळालं. तिचे पाय शिलाई मशिनच्या सुईसारखे वरखाली होत होते आणि डोकं मात्र जणू एका सरळ दोरीवरून सरकत होतं. मी लगेच क्लिप पुन्हा लावली. मला केक तसा न्यायचा होता.

मग या खेळाबद्दल मिळेल ते वाचलं, पाहिलं. गुणांपैकी 60 टक्के वळणांना, 20 टक्के उड्यांना आणि 20 टक्केच वेगाला असतात. खेळाडूंच्या पँटवर गुडघ्याशी वेगळ्या रंगाचं ठिगळ असतं, कारण परीक्षक गुडघ्यांकडे बघत असतात. उंचवटा आला की गुडघे छातीकडे येऊ द्यायचे. नजर पायाखालच्या उंचवट्यावर ठेवायची नाही, दोन-तीन उंचवटे पुढे ठेवायची. पायाखालचा ठरून गेलेला असतो, त्याचं आता काही करता येत नाही.

एवढं मी पहिल्याच आठवड्यात करून पाहिलं. केक मांडीवर ठेवायचा नाही, तळाखाली दोन्ही पंजे घालून अधांतरी धरायचा, कोपरं अंगापासून सुटी. स्पीडब्रेकर आला की पाय फूटरेस्टवर दाबून सीटवरून दोन बोटं उठायचं. नजर बाबांच्या खांद्यावरून पुढे. एकट्या उंचवट्याला हे जमायचं. लागोपाठ तीन आले की तिसऱ्याला दणका ठरलेला.

उत्तर त्याच क्लिपमध्ये होतं, पण हळू करून पाहिल्यावर दिसलं. गुडघे वाकवणं हे अर्धंच काम आहे. उंचवट्याचा माथा गेला की अँथनी पाय मुद्दाम खाली ढकलत होती, खळगा भरून काढावा तशी. त्यामुळे स्की बर्फाला चिकटून राहते, आणि पुढच्या उंचवट्यासाठी गुडघ्यात पुन्हा जागा तयार होते. मी वाकत होते आणि तशीच वाकलेली राहत होते. आधीच वाकलेला गुडघा आणखी किती वाकणार?

बाबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. “म्हणून तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि खड्ड्यात सोडायचा,” ते म्हणाले. “ब्रेक दाबला की पुढचा शॉकअप दबतो. दबलेल्या शॉकअपने खड्ड्यात पडलात तर त्याला खाली जायला जागाच नसते. सगळा दणका मनगटात.” बावीस वर्षं एमआयडीसीला जाऊन-येऊन त्यांना हे बर्फाशिवायच कळलं होतं.

आम्ही सराव सुरू केला. सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना. केकच्या खोक्यात पातेलं, पातेल्यात निम्म्यापर्यंत पाणी, खोक्याच्या तळाशी जुना टॉवेल. घरी आल्यावर टॉवेल पिळून बघायचा. पहिल्या दिवशी पाण्याची धार लागली. ऑगस्ट संपेपर्यंत टॉवेल नुसता दमट असायचा. बाबा ओरडून सांगायचे, “दोन खड्डे, मग ब्रेकर!” आणि मी मनात म्हणायचे: वाक, सोड, वाक, सोड. यातलं ‘सोड’ शिकायला जास्त दिवस लागले. दणक्याला अंग आपोआप आक्रसतं. दणका गेल्यावर पुन्हा सैल व्हायला त्याला शिकवावं लागतं.

गेल्या वर्षी आईचं मनगट सुजलं. अंगठ्याच्या मुळाशी, पायपिंग बॅग दाबून दाबून. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. आईने क्रेप बँडेज गुंडाळलं आणि राखीच्या ऑर्डरी घेतल्या, मग गणपतीच्या. रात्री तिला पोळपाट उचलवत नव्हता. मी काही बोलले की म्हणायची, “सोसायची सवय आहे मला.” खरंच आहे. कारखाना बंद झाला तेव्हा ती वाकली, लॉकडाउनमध्ये वाकली, हप्ता वाढला तेव्हा वाकली. आमच्या तिन्ही गावांत अशी घरं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. वाकण्याचं कौतुक सगळे करतात. मधल्या खळग्यात पाय लांब करायला कुणी सांगत नाही. कुणी केलेच तर आळशी म्हणतात.

एका रात्री बाबा तिच्यासमोरच मला म्हणाले, “हिचा शॉकअप दबलेलाच आहे. वर यायला वेळच देत नाही आपण त्याला.”

त्या आठवड्यापासून मंगळवार बंद ठेवला. आईने दोन दिवस अबोला धरला. मंगळवारच्या दोन-तीन ऑर्डरी म्हणजे महिन्याला सात-आठ हजार रुपये, आणि हप्ता काही मंगळवारी थांबत नाही. कॅम्प चारमधली एक जुनी गिऱ्हाईक नकार ऐकून दुसरीकडे गेली, ती अजून परतलेली नाही. मी मग शनिवारी डिलिव्हरीची एक फेरी वाढवली. तरी महिनाअखेरीला वही जुळवताना ओढाताण होतेच. मनगटाची सूज उतरली आहे, दुखणं पूर्ण गेलेलं नाही.

मधल्या एका मंगळवारी बाबा आईला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेले. 1060 सालचं ते देऊळ आमच्यापासून इतकं जवळ, पण ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. सोमवारी तिथे गर्दी, मंगळवारी मोकळं असतं. मी गॅलरीतून बघत होते. आई मागे बसली, पदर खोचला आणि बाबांना विचारलं, “हात कुठे ठेवू?”

बाबांनी गाडी सुरू केली. वळणापर्यंत तिचे हात मांडीवर नुसते उघडे होते.