बीडच्या उन्हात गरम खोली

मुलांनो, मे महिन्यात तुम्ही कधी बीडला आला आहात का? दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो. डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात एक खोली मुद्दाम तापवतात, असं मी सांगितलं तर? "बाईंना ऊन लागलं!" असंच म्हणाल ना? पण ती खोली मी डोळ्यांनी पाहून आले आहे.

त्याचं असं झालं. माझ्या भावाची जुनी मारुती आहे. तीन वर्षांपूर्वी तिला एका शेडपुढे, लिंबाच्या झाडाखाली रंग दिला होता. रंग ओला असतानाच वावटळ सुटली. धूळ तर बसलीच, पण बॉनेटवर एक चिलटही कायमचं चिकटलं. माझी भाची रोज त्याला टाटा करायची! या सुट्टीत मात्र भाऊ म्हणाला, "ताई, आता भट्टीतच रंगवू." गाडी आठ दिवस आधी देऊन ठेवली आणि रंग मारायच्या दिवशी आम्ही एस.टी.ने पाटोद्याहून निघालो. मांजरसुंब्याचा घाट उतरला, की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो आणि मग बीड.

गॅरेजात शिरतो तोच हाक आली, "बाई, तुम्ही इकडं कसं काय?" बघते तर चौथीत सतराच्या पाढ्याला हमखास अडणारा माझा विद्यार्थी! आता तो तिथला पेंटर आहे. "नाव छापू नका बरं, पोरं चिडवतेत," असं त्यानं बजावलंय, म्हणून नाव सांगत नाही.

गाडी ओळखूच येईना. काचा, टायर, दिवे सगळं कागद आणि चिकटपट्टीनं झाकलेलं. आधी खड्ड्यांत लांबी भरली, ती पॉलिशपेपरनं घासली, प्रायमर दिला, पुन्हा घासलं. आठवडा असा घासण्यातच गेला होता. खरा रंग मारायला मात्र तासभरही लागत नाही! (शुद्धलेखनाचंही असंच असतं, पण ते असू द्या.)

आता ती खोली. पत्र्याची, मोटार मावेल एवढी, भिंतींवर पांढरेशुभ्र दिवे. वर छतभर जाड कापडासारखी गाळणी, खाली जमिनीत लोखंडी जाळी. पंखा बाहेरची हवा ओढतो, ती गाळणीतून गाळून वरून खाली सोडतो आणि रंगाचे उडालेले कण घेऊन ती जाळीतून निघून जाते. आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात. त्यामुळे फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

"पण अरे, बीडला आणखी गरम कशाला?" मी विचारलं.

"बाई, लई गरमी पण चालत नाही. रंग गाडीवर पोचायच्या आधी हवेतच वाळतो, मग हाताला खरखर लागतं. थंडीत उशिरा वाळतो, तोवर ओघळ येतात."

म्हणून रंग मारताना आतली हवा बेताचीच ऊबदार ठेवतात. खरी भट्टी नंतर लागते. डिझेलच्या ज्योतीवर हवा तापवतात, पण धूर वेगळ्या नळीनं बाहेर जातो. हवा साधारण साठ अंशांवर गेली, की अर्ध्या तासात रंग घट्ट होतो. कारखान्यात तर कोरा सांगाडा एकशे चाळीस अंशांच्याही वर भाजतात. आपल्या मारुतीला तेवढं तापवलं, तर वायरी आणि प्लॅस्टिक वितळेल ना! शंभर वर्षांपूर्वी मोटारी ब्रशनं रंगवायचे आणि त्या वाळायला कित्येक आठवडे जायचे.

रंग मारायची वेळ झाली. माझ्या विद्यार्थ्यानं अंगभर पांढरा झगा घातला आणि तोंडावर नळी जोडलेला मुखवटा चढवला. त्या नळीतून त्याला बाहेरची स्वच्छ हवा मिळते. हाताखालचा मुलगा तोंडाला नुसता रुमाल बांधून मागोमाग शिरला. तोच हा ओरडला, "बाहेर हो आधी!" एवढं ओरडलेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

कारण दाराशी खुर्चीवर बसलं होतं. त्याचे उस्ताद. रुमाल बांधून त्यांनी तीस वर्षं गाड्या रंगवल्या. या रंगात घट्ट होण्यासाठी हार्डनर मिसळतात. त्यातली आयसोसायनेट नावाची द्रव्यं श्वासातून गेली, तर दमा जडतो आणि रुमालानं ती अडत नाहीत. उस्ताद आता चार पायऱ्या चढले, तरी थांबतात. पण रंग जुळवावा तो त्यांनीच! पेट्रोलच्या झाकणाचा जुना रंग पाहून त्यांनी डब्यातल्या लाल रंगात काळ्याचे थेंब मोजून टाकले.

आम्ही काचेतून बघत होतो. गन पत्र्यापासून वीतभर लांब, हात सरळ रेषेत. रंगाचे दोन-तीन हात, वर चमकीचे. मग दार बंद आणि भट्टी सुरू. मालकानं मुखवटा एकच घेतलाय. "दुसरा घेतल्याशिवाय हा पोरगा आत येणार नाही," विद्यार्थी मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. मालक कॅलेंडरकडे बघत राहिले.

गाडी निवल्यावर बाहेर आली. उस्तादांनी बॉनेटवर डोळा तिरका धरून पाहिलं, मान हलवली आणि खोकत खोकत बसले.

घरी आल्यावर भाचीनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

"आत्या, चिलट कुठं गेलं?"