लॅम रोडची बेंटली

मीटर मैलांचा आहे आणि त्यावर एकतीस हजारांच्या थोडं वर आकडे पडलेत. गाडी १९४९ची. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम चारशे मैल, म्हणजे नाशिकहून मुंबईला दोनदा जाऊन यावं एवढं. विकायची ठरल्यावर घरच्यांनी माहितीचा जो कागद तयार केला, त्यात पहिलीच ओळ आहे: फार कमी चाललेली. येणारं गिऱ्हाईक तेवढंच वाचून येतं आणि आल्याआल्या वाकून मीटर बघतं. मी तिला गेली बारा वर्षं पाहतोय. तिची ओळख त्या आकड्यावरून करून घ्यावी असं मला वाटत नाही.

देवळाली कॅम्पात लॅम रोडवरून आत वळलं की एक जुना पारशी बंगला लागतो. मागच्या अंगाला सागवानी दाराचं गॅरेज. दार उघडलं की आधी वास येतो: चामडं, जुनं तेल, किंचित पेट्रोल. मग ती दिसते. उंच, चौकटीतलं रेडिएटर, वर पंख पसरलेलं ‘बी’ अक्षर, दोन्ही बाजूंना टपोरे दिवे. समोरून पाहिलं की घरातली थोरली बाई ओट्यावर उभी आहे असं वाटतं. मान ताठ, नजर सरळ. बाजूला गेलात की मात्र कडकपणा सरतो. पुढचं मडगार्ड दारावरून मागे उतरत जातं, पदर खांद्यावरून ओघळावा तसं. रंग साईचा, मडगार्ड गर्द हिरवे. वर काळं कापडी छत. ते उतरवायला दोन माणसं लागतात, आणि दोघांनी एकाच वेळी हात चालवावा लागतो, नाहीतर सांध्याशी कापड ओढलं जातं.

ही बेंटली मार्क सिक्स. बेंटली कंपनी रोल्स-रॉइसने १९३१मध्ये विकत घेतली. युद्धाच्या काळात क्रू इथल्या त्यांच्या कारखान्यात विमानांची मर्लिन इंजिनं बनत होती. स्पिटफायर विमानात बसायचं ते हेच इंजिन. युद्ध संपलं आणि १९४६पासून तिथे गाड्या बनू लागल्या. मार्क सिक्स १९५२पर्यंत निघाली, सारी मिळून पाच हजारांवर. त्यातल्या बहुतेकींना कारखान्याचंच पत्र्याचं बंद अंग होतं. हौशी आणि पैसेवाले गिऱ्हाईक नुसती चासी घ्यायचे आणि अंग दुसरीकडून बांधून घ्यायचे. हिचं अंग लंडनच्या विल्सडेन भागात पार्क वॉर्डकडे बांधलेलं. सहा सिलिंडर, ४,२५७ सीसी. अश्वशक्ती किती, ते कंपनी छापतच नसे.

बंगल्याच्या मालकीणबाई म्हणजे आंटी. त्यांच्या सासऱ्यांनी ती मुंबईत घेतली, हवापालटाला देवळालीला यायला. कसारा घाट चढून ती वर यायची, मोसम संपला की खाली जायची. पुढे सासरे इथेच राहायला आले आणि गाडीही राहिली. इथल्या हवेने तिला वाचवलं हे अगदी खरं आहे. मुंबईच्या खाऱ्या दमटपणात पत्रा आतून सडतो. देवळालीची हवा कोरडी. पूर्वी छातीच्या विकाराचे लोक इथे महिनोन्‌महिने येऊन राहायचे, सॅनेटोरियमं त्यासाठीच बांधली गेली. जी हवा त्यांच्या फुप्फुसांना मानवली, तीच हिच्या चासीला मानवली. त्रास दिला तो उंदरांनी. मागच्या सीटमधला भुसा आणि केस त्यांनी एका पावसाळ्यात काढून नेले होते.

पण नुसती हवा पुरत नाही. उभी गाडी मरते. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन जेटमध्ये बसतं, ब्रेकचे होज आतून फुगतात, ऑइल सील वाळून तडकतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. एखादी गाडी पन्नास वर्षं गॅरेजमध्ये ठेवून ‘कमी चाललेली’ म्हणून विकायला काढली, तर ती चांगली राहिली असा त्याचा अर्थ होत नाही. ही चांगली राहिली, कारण दर रविवारी सकाळी तिला कोणी तरी बाहेर काढलं.

ते कोणी तरी म्हणजे ओझरचे काका. १९६४मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना सुरू झाला, त्यात त्यांनी फिटर म्हणून उमर काढली. निवृत्तीनंतर हिला हातात घेतलं. दर रविवारी तेच आणि तसंच. आधी बॉनेटची एक बाजू उघडून तेल बघायचं. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचे पिस्टन बोटाने अलगद उचलून सोडायचे. आवाज स्वच्छ आला पाहिजे. मग सीटवर बसून डॅशबोर्डखालचं एक छोटं पेडल पायाने दाबायचं. त्या पेडलने चासीभर गेलेल्या बारीक नळ्यांतून सांध्यासांध्याला तेल जातं. काका ते सावकाश दाबतात आणि सावकाश सोडतात. एकदा मी विचारलं, एवढा वेळ कशाला? म्हणाले, “तेल पोचायला वेळ लागतो, भाऊ. आपण घाई केली तर शेवटचा सांधा उपाशी राहतो.”

मागच्या शॅकलचे बुश गेले तेव्हा विलायतेहून मागवायचं चाललं होतं. काकांनी जुना बुश फडक्यात बांधून अंबडच्या एमआयडीसीत नेला आणि गनमेटलमध्ये लेथवर चार काढून आणले. ते आजही गाडीत आहेत.

एकदा त्यांनी मला शेजारी बसवलं. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याजवळ, सीट आणि दार यांच्या मधे. स्टिअरिंगच्या मध्यावर एक छोटी कळ, ती फिरवली की मागचे शॉकअॅब्सॉर्बर मऊ-कडक होतात. भगूर ओलांडून पांढुर्लीच्या रस्त्याला लागलो. छत उघडं, दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, नुकत्याच फवारलेल्या. इंजिनाचा आवाज पायाखाली आहे की दूर कुठे तरी, तेच कळेना. वळणावर म्हैस आडवी आली. काकांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी आपण होऊन खाली बसल्यासारखी थांबली. परतताना त्यांनी ती करामत समजावली. ब्रेकला मदत करणारी चकती गिअरबॉक्सवरून फिरते, म्हणजे गाडीच्या धावण्याचाच जोर घेऊन ब्रेक लागतात. गाडी उभी असली की ती मदत शून्य. उतारावर इंजिन बंद करून उभी केली आणि नुसत्या ब्रेकच्या पेडलवर विसंबलात, तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागेल.

आपल्या घाटांना या घराण्याच्या गाड्या नव्या नाहीत. १९०८मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी सुमारे ६२० मैलांची चाचणी झाली होती. त्यात रोल्स-रॉइसची उघडी सिल्व्हर घोस्ट घाटांमागून घाट चढली आणि जिंकली. तिला ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणायचे. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घेतली. ती घाट चढली ते त्या वेळच्या रस्त्यांवर, धुळीत. आज कसाऱ्याला गर्दी आहे आणि तिथे हिला घालावं असं मीही म्हणणार नाही.

अडचणी आहेतच. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या मूळ अवस्थेतल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. नव्या नोंदीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. हिच्यावर तिचा मुंबईचा जुना नंबर आहे. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रविवारची फेरी हा दुरुस्तीचाच भाग आहे, असं काका ठामपणे सांगतात, आणि मला ते पटतं. दुसरी अडचण पेट्रोलची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. काकांनी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदललेत, आणि फेरीनंतर कार्ब्युरेटरचे बाउल ते रिकामे करतात.

आता काकांचे गुडघे गेलेत. आंटी ब्याऐंशीच्या आहेत, मुलगा परदेशात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले होते, मोठ्या हॉटेलच्या लॉबीत ठेवायला गाडी हवी म्हणून. भाव चांगला देत होते. आंटींनी चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ते गेल्यावर मला म्हणाल्या, “डिकरा, काचेत ठेवायची असती तर मीच ठेवली नसती का? हिला फिरवणार कोण, ते सांग.”

तेव्हा घेणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे: रविवारी या, सकाळी सातच्या आत. मीटर नंतर बघा. काका तेलाचं पेडल दाबत असतील, तिथे शेजारी उभे राहा आणि ते कसं दाबायचं ते शिकून घ्या.