हाकेत शेवट नको

चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ ज्यांनी श्रोत्यांसमोर वाचली आहे, त्यांना माझी अडचण फार समजावून सांगावी लागणार नाही. कथा सुरूच होते एका हाकेने. रेल्वेसाठी खोल कापलेल्या खिंडीच्या काठावर निवेदक उभा आहे. खाली चौकीच्या दाराशी सिग्नलवाला आहे. त्याच्याकडे उतरायची वाट विचारायची म्हणून निवेदक त्याला हाक मारतो. खालचा माणूस वर बघत नाही. तो वळून रुळांच्या दिशेने बघतो. का, ते पुढे कळतं. बोगद्याच्या तोंडाशी लाल दिव्याजवळ उभी राहणारी एक आकृती याच शब्दांत हाक मारत आली आहे. आणि शेवटी तेच शब्द इंजिनाच्या ड्रायव्हरच्या तोंडून येतात. तोवर सिग्नलवाला त्याच्या इंजिनाखाली गेलेला असतो.

हाक एक, तोंडं तीन. पहिल्या खेपेला ती इतकी सरळ जायला हवी की कुणी तिच्याकडे वळून बघू नये. आणि तरी ती कानात अशी राहायला हवी की पाऊण तासाने ड्रायव्हरच्या तोंडी आली की मागच्या रांगेतल्या माणसालाही ओळखू यावी. अभिवाचनातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टींवर मी हळूहळू मांड ठोकली. ही एक जागा मात्र माझ्या हातात कधी आली आणि कधी निसटली, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

बरीच वर्षं ती बऱ्यापैकी येत होती. हनुवटी किंचित वर, तोंड माईकपासून जरा बाजूला, खर्जातून न काढता मधल्या पट्टीत, आणि शेवटच्या अक्षरावर वजन नाही. अलीकडे गळ्याने साथ सोडायला सुरुवात केली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, आवाज काढताना पूर्ण मिटत नाहीत, मधल्या फटीतून हवा निसटते. पुरुषाचा आवाज उतारवयात वर सरकतो, हेही त्यांनीच सांगितलं. माझा खर्ज गेला याचं दुःख आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे लांबवलेल्या स्वरात आता एक थरथर येते. न बोलावता येते. आणि हाक म्हणजे लांबवलेला स्वरच.

श्रोते म्हणतात, काय भाव आणलात आवाजात! मला ते ऐकवत नाही. पहिल्या हाकेत थरथर आली की कथेतलं कुणी घाबरायच्या आधी निवेदकच घाबरलेला असतो. हाकेत शेवट ऐकू येतो. तिथून पुढे डिकन्सने कितीही सांभाळून पावलं टाकली असोत, माझ्या गळ्याने फितुरी केलेलीच असते.

भयकथा वाचून दाखवणाऱ्याचा खरा झगडा हाच आहे. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याने शेवट ठाऊक नसलेल्या माणसाचा आवाज काढायचा. जुन्या मोठ्या लेखकांना हे माहीत होतं, आणि प्रत्येकाने त्यावर आपापला तोडगा काढला. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त सगळा मजकूर डायऱ्या, पत्रं आणि तारांचा आहे. किल्ल्यात अडकलेला जोनाथन हार्कर त्या त्या वेळी जे दिसलं ते लिहितो. उद्या काय होणार ते त्याला माहीत नाही, म्हणून वाचणाऱ्यालाही ते लपवावं लागत नाही. हे पुस्तक बाजारात येण्याच्या काही दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, नाट्यहक्क राखण्यासाठी लंडनच्या लायसियम थिएटरात नटांकडून वाचून घेतलं गेलं. त्या नटांचं काम सोपं होतं असं मी नाही म्हणणार, पण माझ्यापेक्षा सोपं होतं. एडगर अ‍ॅलन पोने १८४३ च्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये दुसरी युक्ती केली. तिथला खुनी पहिल्या वाक्यापासून आपण वेडे नाही हे पटवायला निघालेला आहे. तिथे आवाज थरथरला, घाई झाली, दम लागला तरी सगळं त्याच्याच खात्यावर जमा. शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ कितीतरी वर्षांनंतर आठवून सांगितलेली आहे, त्यामुळे तिच्यात थकवा शोभतो. डिकन्सच्या निवेदकाला यातली एकही सवलत नाही. तो झालेली गोष्ट सांगतो, पण घडत असताना आपण जितके अजाण होतो तितकाच अजाण राहून सांगतो.

ही कथा मी सोडून का देत नाही, असं बरोबरची मंडळी विचारतात. त्याचं एक कारण डिकन्स स्वतः आहे. तो आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस. १८५८ पासून त्याने पैसे घेऊन आपल्या लेखनाची वाचनं केली, त्यासाठी वेगळ्या संहिता बेतल्या, त्यांवर स्वतःच्या हाताने खुणा केल्या. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला नॅन्सीचा खून तो १८६९ पासून वाचू लागला तेव्हा बायका भोवळ येऊन पडत आणि त्याची स्वतःची नाडी इतकी चढे की डॉक्टर ती मोजायला हजर राहत. त्याच वर्षी प्रकृतीमुळे त्याला दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. अशा माणसाने ‘द सिग्नल-मॅन’चीही वाचनासाठी संहिता तयार केली होती. आणि ती जाहीर वाचली मात्र कधीच नाही.

यावर मी नको इतका विचार केला आहे. जाणकार म्हणतात, विषय त्याला फार जवळचा होता. ९ जून १८६५ रोजी केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ त्याची गाडी पुलावरून कोसळली. दुरुस्तीसाठी रूळ काढले होते आणि मुकादमाने वेळापत्रक चुकीचं वाचलं होतं. लाल निशाण घेतलेला माणूस १००० यार्डांवर उभा हवा होता, तो जेमतेम त्याच्या निम्म्या अंतरावर होता. दहा माणसं गेली. डिकन्सचा डबा पुलावर लटकत राहिला. तो बाहेर आला, टोपीत पाणी भरून जखमींना पाजत राहिला, आणि मग आपल्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित काढायला परत डब्यात चढला. पुढच्याच वर्षी, १८६६ च्या ख्रिसमस अंकात, ही कथा आली: हात हलवून इशारा देणारा कुणीतरी, आणि उपयोगाला न येणारा इशारा. पुढे तो वारला तोही ९ जूनलाच, १८७० साली.

जाणकारांचं खरं असेल. पण मला आपलं वाटतं की तो हाकेपाशी अडला. नॅन्सीला मारणाऱ्या बिल साइक्सचा गळा तो काढू शकत होता, कारण साइक्सला काही लपवायचं नाही. ज्याची गाडी पुलावरून पडली आहे त्याला ती पहिली हाक निर्मळ मारता येईना, असं माझं मन सांगतं. याला पुरावा नाही. तरी हे मानण्यात मला धीर मिळतो, आणि त्यात थोडी फुशारकीही आहे: जिथे तो अडला तिथे मी काही वर्षं तरी पार झालो.

फुशारकीचं निघालंच आहे तर पुढचंही सांगतो. १८१६ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी बायरनच्या बंगल्यात मंडळी जमली होती. बाहेर टँबोरा ज्वालामुखीच्या राखेने नासलेला, सूर्य हरवलेला उन्हाळा. आत भुतांच्या जर्मन गोष्टी फ्रेंचमधून मोठ्याने वाचल्या जात होत्या. एका रात्री बायरनने कोलरिजची एक कविता म्हटली आणि शेली किंचाळत खोलीबाहेर पळाला, असं बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याच्या डायरीत आहे. त्याच बैठकींतून ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली आणि पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ही. एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा विद्वान ख्रिसमसला नव्या भुतांच्या कथा मित्रांना वाचून दाखवायचा, खोलीतल्या मेणबत्त्या विझवून एकच ठेवायचा. हे साहित्य दीड-दोनशे वर्षं का टिकलं, यावर लोक पडके किल्ले, वादळं, दडपलेल्या वासना असं बरंच काही सांगतात. मला वाटतं, ते एका माणसाने दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी बेतलेलं आहे, म्हणून टिकलं. आणि मी या कामात आलो तो शेलीच्या त्या किंकाळीसाठी. कुणीतरी उठून बाहेर जावं, एवढीच माझी इच्छा असायची. आकृती पहिल्यांदा दिसते त्या वाक्याआधी मी थांबतो, ते थांबणं कथेला लागतं त्याहून लांब असतं. उरलेली लांबी मी स्वतःसाठी घेतो.

म्हणून आजच्या ध्वनिकथांवर मी रागावतो तेव्हा त्यात माझा स्वार्थ आहे हे मान्य करून रागावतो. वारा, करकरणारं दार, कुत्र्याचं रडणं, भुताच्या बोलण्यावर एको. अशाच एका ठिकाणी ही कथा ध्वनिमुद्रित करताना पहिल्या हाकेवरच एको टाकला गेला. मी म्हटलं, अहो, ही जिवंत माणसाची हाक आहे. उत्तर आलं, पहिल्या दहा सेकंदांत भीती वाटली नाही तर माणूस पुढे ऐकत नाही. दहा सेकंदांत वाटते ती दचक. दचकलेला माणूस दुसऱ्या क्षणी हसतो, आणि हसलेल्या श्रोत्याला परत आणणं किती जड असतं हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नारायण धारपांच्या कथा मी वाचतो तेव्हा त्यांचा मध्यमवर्गीय संसार, नोकरी, नवं घर हे सगळं अजिबात आवाज न चढवता वाचतो. धारपांनी भीती त्या साधेपणातच पेरलेली आहे. वरून शिंपडायची गरज नाही.

साधेपणावरून इगतपुरीचं वाचन आठवतं. तिथल्या थळ घाटाची रेल्वे १८६५ ची, म्हणजे स्टेपलहर्स्टच्या अपघाताच्याच वर्षातली. समोर बसलेली बरीच मंडळी रेल्वेतून निवृत्त झालेली. कसाऱ्याला गाडी घाटावर रेटायला मागून बँकर इंजिन लागताना बघितलेली माणसं. मला धाकधूक होती की ही हसतील. कुणी हसलं नाही. वाचन संपल्यावर केबिनमध्ये आयुष्य काढलेले एक गृहस्थ जवळ आले. म्हणाले, “साहेब, भुताचं काय नाही हो. पण त्याला धोका दिसतोय अन् कारण लिहिता येत नाही. गाडी उगीच थांबवली तर वरून विचारणार, का थांबवली. काय लिहील तो? तिथं मला घाम फुटला.”

कथेत हे आहेच. दोन्ही बाजूंना धोक्याची तार केली तर कारण काय देणार, लोक मला वेडा ठरवतील आणि नोकरीवरून काढतील, हेच सिग्नलवाला सांगतो. मी तो भाग भुताच्या दोन दर्शनांमधली विश्रांती म्हणून जरा भरभर वाचत असे. तेव्हापासून तो सावकाश वाचतो. पडका किल्ला कुणी बघितलेला नसतो. कळतंय पण सांगता येत नाही, ही जागा मात्र प्रत्येक चाकरमान्याने बघितलेली असते. ‘द सिग्नल-मॅन’ घाटातल्या माणसांना परकी वाटत नाही ती यामुळे.

आता माझ्या विद्यार्थिनीबद्दल. तिला पहिल्यांदा ही संहिता दिली तेव्हा कथा तिने ऐकलेली नव्हती. तिने सरळ वाचायला घेतली आणि पहिली हाक अशी मारली की माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्या हाकेत काहीही नव्हतं. एका माणसाने दुसऱ्याला हाक मारली, एवढंच. मला वाटलं, शेवट माहीत नाही म्हणून जमलं, पुढच्या वेळी बिघडेल. पुढच्या वेळीही ती तशीच आली. विचारलं, काय करतेस? म्हणाली, “काही नाही सर, मी खाली उतरायची वाट शोधत असते.” म्हणजे हाक मारताना तिच्या मनात भूत नसतं, शेवट नसतो, श्रोतेही नसतात. उभा कडा असतो आणि पाय कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न. मी ते करून बघितलं. मन वाटेवर राहतं, गळा राहत नाही.

तिचं म्हणणं असं, की थरथर राहू द्या. म्हातारा माणूस जुनी गोष्ट सांगतोय असं वाटेल, ते शोभेल. तिथे माझा तिच्याशी वाद आहे. तसं वाचलं की ‘द सिग्नल-मॅन’ची ‘कार्मिला’ होते. डिकन्सने अगदी शेवटी एक बारीक गाठ मारली आहे: ड्रायव्हरच्या तोंडी जे शब्द येतात, त्यांत सिग्नलवाल्याने सांगितलेले तर आहेतच, पण त्या आकृतीच्या हातवाऱ्यांना निवेदकाने फक्त स्वतःच्या मनात जोडलेलेही आहेत. म्हणजे निवेदक नुसता साक्षीदार नाही. वेळ घालवायला आलेला, सभ्य, सहानुभूतीने ऐकणारा हा माणूस पहिल्या हाकेपासून त्या मरणात गुंतलेला आहे, आणि त्याला त्याचा पत्ता नाही. आवाज आधीच कापरा असेल तर ही गाठ सुटते, उरते ती एक योगायोगाची गोष्ट.

तिने मग दुसरा मार्ग सुचवला: हाक तिन्ही वेळा ती मारेल, बाकीची कथा मी वाचावी. सुचवणं योग्य आहे. तीन तोंडांतून एकच आवाज आला तर हाक कुणालाही चुकणार नाही. माझी जन्माची अडचण त्याने सुटते, हेही मला दिसतं. मी अजून हो म्हटलेलं नाही. अडतं ते कथेपायी नाही. एकदा ती हाक तिच्या आवाजात ऐकली की पुढचा पाऊण तास श्रोते माझं ऐकतील, पण वाट तिच्या आवाजाची बघतील. आणि श्रोत्याने वाट बघावी ती माझी, याच एका हावेपोटी मी या धंद्यात इतकी वर्षं काढली.