टोकाचं पाणी

लग्नघरी सकाळी नवरीला हळद लागते, मग नहाण होतं, आणि न्हाऊन आलेल्या मुलीचे पाठभर ओले केस पाहिले की माझी मावशी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. मुलगी गौरीहरापाशी बसायच्या आत साडी, केस, दागिने सगळं उरकायचं असतं. मावशीचं चिंचवडला पार्लर आहे. लग्नसराईत पहाटे चारला उठून ती घरोघरी जाते. एकदा मला म्हणाली, "अगं, केस गुंडाळायला मला वेळ लागत नाही. वाळायची वाट बघण्यात जीव जातो. तू एवढे साचे बनवतेस, याचं काहीतरी कर ना."

मी भोसरीच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या वस्तूंचं आणि त्यांच्या साच्यांचं डिझाइन करते. डब्यांची झाकणं, मिक्सरच्या भांड्याचे दांडे, विजेच्या बोर्डाच्या पेट्या. मावशी केस ज्यावर गुंडाळते तो रोलर म्हणजे एक पोकळ नळी. दोन आठवड्यांचं काम, असा मी हिशेब केला होता. दीड वर्ष लागलं. त्यातले पहिले कित्येक महिने मी नळीकडे बघत होते, केसांकडे बघतच नव्हते.

केस म्हणजे केराटिन. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात, त्यातले काही बंध पक्के आणि काही कच्चे. पक्के बंध गंधकाचे. १९०६ मध्ये लंडनमध्ये कार्ल नेसलर या जर्मन केशरचनाकाराने कायमचे कुरळे केस करून दाखवले, ते उष्णता आणि अल्कली वापरून या पक्क्या बंधांना हात घालून. सुरुवातीचे प्रयोग त्याने बायकोवर केले आणि तिचे केस जळाले. रोलरचं काम कच्च्या बंधांवर चालतं. हे हायड्रोजनचे बंध साध्या पाण्याने सुटतात आणि पाणी गेलं की पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळेल, त्या आकारात जुळतात. म्हणून ओली बट रोलरवर वळवायची आणि वाळू द्यायची. म्हणूनच जुलैत मुंबईच्या दमट हवेत तासाभरात बटा सैल पडतात. हवेतलं पाणी शिरून तेच बंध पुन्हा सोडवतं.

यातून एक गोष्ट निघते, आणि माझ्या सगळ्या कामाचा खांब तीच आहे. वळण धरलं जातं ते अगदी शेवटच्या पाण्याबरोबर. नव्वद टक्के वाळलेली बट नव्वद टक्के वळत नाही, ती गळून पडते. मावशी याला 'बट बसली नाही' म्हणते.

हे पाणी नेमकं कसं जातं ते पाहायला मी सोनारासारखा बारीक काटा घेतला. गंगावनाच्या बटा ओल्या करून, पंच्याने टिपून, रोलरवर गुंडाळून दर पाच मिनिटांनी वजन करायचं. पहिल्यांदा आकडा झरझर उतरतो. केसा-केसांमधल्या फटीत धरलेलं मोकळं पाणी जात असतं तेव्हा. मग उतार मंदावतो आणि आकडा रेंगाळायला लागतो. कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी पोटात घेऊन फुगतो, आणि ते पोटातलं पाणी सावकाश बाहेर येतं. मावशीचा वाट बघण्याचा सगळा वेळ त्या रेंगाळण्यात होता. पहिला झरझर भाग आणखी वेगाने करून नवरीला काहीच फायदा नव्हता.

आणि हे शेवटचं पाणी असतं कुठे? टोकाला. हे कळलं त्या दिवशी मी कागदावर काढलेलं सगळं बाजूला ठेवलं.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. पंचाहत्तर सेंटिमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांचं जुनं असतं. पाच वर्षांचं ऊन, तेल, शिकेकाई, शाम्पू, कंगवा, मेंदी, ड्रायर, सगळं त्याने सोसलेलं. वरचे खवले झिजून ते सच्छिद्र झालेलं असतं, म्हणून ते मुळाशी असलेल्या नव्या केसापेक्षा जास्त पाणी पितं. आता रोलर कसा गुंडाळतात ते आठवा. टोकापासून सुरुवात करून मुळाकडे. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी प्यायलेला भाग सगळ्यात आत जातो, आणि त्यावर एकावर एक वेढे बसतात. तीस मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा घेर चौऱ्याण्णव मिलिमीटर. पंचाहत्तर सेंटिमीटर केसाचे सात-आठ वेढे होतात. हवा लागते वरच्या वेढ्याला, जिथे पाणी मुळातच कमी. तळातल्या टोकाला एका बाजूने नळीची भिंत आणि दुसऱ्या बाजूने सात ओल्या वेढ्यांची दुलई.

लहानपणी गच्चीवर कुरडया घालताना आजी प्लॅस्टिकचा कागद वापरू द्यायची नाही. जुनं धुवट धोतर अंथरायची. कागदावर घातलेली कुरडई वरून कडक दिसते, पण बोट लावलं की खालून ओली, आणि तशीच डब्यात भरली तर तिला बुरशी येते. धोतरावरची कुरडई दोन्ही अंगांनी वाळते. बाजारातले बरेचसे रोलर म्हणजे तो प्लॅस्टिकचा कागदच, फक्त गोल केलेला.

हे समजण्याआधी मी उष्णतेच्या मागे लागले होते. ॲल्युमिनियम प्लॅस्टिकच्या हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेतं, तेव्हा ॲल्युमिनियमची नळी हूड ड्रायरखाली लवकर तापेल आणि आतून केस वाळवेल, असा विचार. नळी तापली. केसही तापले. पण वाळले नाहीत, शिजल्यासारखे गरम आणि ओले राहिले. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पंचाहत्तर कॅलरी पुरतात; त्याची वाफ करायला त्याच्या सात पटींहून जास्त लागतात. तेवढी उष्णता दिली तरी झालेल्या वाफेला बाहेर जायला वाट हवी, आणि माझ्या बंद नळीने तीच अडवली होती. शिवाय धातू निवेपर्यंत बट सोडता येत नाही. मावशीने ती नळी कानाजवळ धरून पाहिली आणि म्हणाली, "ही मी कुणाच्या डोक्याला लावणार नाही." विषय तिथेच संपला.

मग भोकं. भिंतीला दोन-दोन मिलिमीटरची भरपूर भोकं पाडली. काट्यावरचा फरक जवळजवळ शून्य. एका संध्याकाळी ओली बट गुंडाळलेला रोलर मी ट्यूबलाइटकडे धरून आतून पाहिला. प्रत्येक भोकात पाण्याचा पडदा चमकत होता. चहाची गाळणी नळाखाली धुतली की जाळीच्या घराघरात जसं पाणी ताणून बसतं, तसा. हवेची वाट म्हणून मी जी भोकं पाडली होती, त्यांना पाण्यानेच बुचं मारली होती.

मोठी भोकं केली तर केस त्यात धसतात आणि वाळताना खळगे पडतात. म्हणून भोकं सोडून लांब फटी घेतल्या. फटी कुठल्या दिशेने, याला महत्त्व आहे. केस रोलरभोवती घेराने फिरतो. फट घेराच्या दिशेने असेल तर केस सरळ तिच्यात जाऊन बसतो. ती नळीच्या लांबीने ठेवली तर केस तिच्यावरून पुलासारखा आडवा जातो. पूल जेवढा लांब, तेवढी बट चपटी. तीस मिलिमीटर व्यासावर बारा मिलिमीटरची फट ठेवली तर केस गोलाईपासून सव्वा मिलिमीटर आत येतो आणि बटेला कोपरे पडतात. सहा मिलिमीटरच्या फटीत तो जेमतेम तीन दशांश मिलिमीटर आत येतो, ते डोळ्याला दिसत नाही. सहा मिलिमीटर रुंद, लांबट फटीत पाण्याचा पडदाही टिकत नाही. मला नळीची भिंत हवीच कशाला होती? गोल आकार धरायला काही पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या कड्या पुरे होत्या. पिंजरा.

पिंजऱ्याचे पहिले नमुने थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये काढले. आकार उत्तम आला. मावशीच्या पार्लरमधल्या डमीच्या डोक्यावर बारा रोलर लावून हूडखाली बसवले आणि आम्ही चहा प्यायलो. परत येऊन पाहते तर बाराही लंबगोल झालेले, पट्ट्या आत दबलेल्या. पीएलए साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, हे मला माहीत होतं. प्रिंट हातात आल्याच्या आनंदात ते लक्षात राहिलं नाही. पण दुसरी गोष्ट मला खरंच माहीत नव्हती. ओला केस एक-दोन टक्के लांब झालेला असतो. वाळताना तो आखडतो आणि रोलरला आवळतो. एका केसाचा जोर तो काय, पण एका रोलरवर हजारो केस, प्रत्येकाचे सात वेढे. पट्ट्यांची जाडी मी त्या दिवसानंतर वाढवली. शेवटचा माल पॉलिप्रॉपिलीन ठरवला. ते उष्णता सोसतं आणि स्वतः पाणी पीत नाही. नायलॉन मजबूत असलं तरी पाणी शोषतं, म्हणून नको म्हटलं.

साचा करायला टाकला तेव्हा पट्ट्या सोळा होत्या. असा पिंजरा साच्यातून सुटायला चार बाजूंनी चार स्लायडर, म्हणजे साच्याचे बाहेर सरकणारे भाग, लागतात, मधे पोकळी धरणारा कोअर. स्लायडर जिथे एकमेकांना भेटतात तिथे मालावर जोडाची बारीक रेघ उमटते, आणि साचा कितीही नीट बसवला तरी तिथे कधीतरी फ्लॅश, म्हणजे जादा प्लॅस्टिकची पातळ कड, येतोच. ट्रायलचे रोलर घेऊन मी चिंचवडला गेले. मावशीने केसांना हात लावायच्या आधी कपाटातून एक जुनी शिफॉनची ओढणी काढली आणि रोलरवरून अलगद ओढली. चार ठिकाणी धागा अडकला. बोटाला काही लागत नव्हतं, नखाला पुसट जाणवत होतं. "नवरीच्या डोळ्यांत पाणी आणेल हा," ती म्हणाली.

रात्री ड्रॉइंग उघडून बसले. सोळा पट्ट्या म्हणजे दर साडेबावीस अंशांवर एक. स्लायडरचे जोड पंचेचाळीस, एकशे पस्तीस, असे. प्रत्येक जोड बरोबर एका पट्टीच्या माथ्यावर, जिथे केस टेकतो तिथे. बारा पट्ट्या घेतल्या तर दर तीस अंशांवर एक येते, आणि पंचेचाळीसचा जोड तीस आणि साठच्या मधोमध फटीत पडतो. पट्ट्यांना जोडणाऱ्या कड्या मी माथ्यापेक्षा खाली ठेवल्या होत्या, त्यामुळे तिथली रेघ केसापर्यंत पोचतच नाही. शिवाय दोन मिलिमीटरच्या पट्ट्या बारा झाल्या की फट आपोआप सहा मिलिमीटरच्या जवळ येते, जी मला आधीपासून हवी होती. इतके दिवस हा बाराचा आकडा समोर होता. स्लायडरचे इन्सर्ट पुन्हा करायला लागले, त्याचे पैसे गेले. दुसऱ्या ट्रायलला ओढणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विनाअडथळा घसरली. इतकी घसरली की केस धरेनात, मग साच्यात पट्ट्यांच्या माथ्याच्या जागी स्पार्क मशीनने अगदी मंद खरखर आणली. केसांना ओरबाडणारे आकडे मला नको होते. वेल्क्रोचे रोलर छोट्या, विरळ केसांना ठीक. लांब दाट केसांत ते गुंततात.

एक गोष्ट राहिली होती. डोक्यावर रोलर शेजारी शेजारी लागतात, आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या अंगाला टेकलं की आतली हवा कोंडते. बारा पट्ट्यांचा पिंजरा केला आणि दोन्ही तोंडं बंद, तर काय उपयोग. टोकं बोरूसारखी तिरकी कापली. आता दोन रोलर भिडले तरी तोंडाचा अर्धा भाग उघडा राहतो.

काट्यावर शेवटचा रेंगाळणारा उतार आता पूर्वीपेक्षा पुष्कळ तीव्र दिसतो. तरी मी मावशीला पहिल्या दिवशीच सांगितलं की रोलर अर्धंच काम करतो. बट रोलरच्या लांबीपेक्षा रुंद घेतली, केस नीट टिपले नाहीत, टोक दुमडून गुंडाळलं, तर कुठलाही पिंजरा वाचवणार नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. टोकं कागदात सपाट धरून, कंगव्याने शेवटचं पाणी निथळवून, बट ताणून वर नेणारे तिचे हात मी दीड वर्ष बघत होते. त्या हातांच्या मानाने माझी नळी फार उशिरा शिकली.

मेच्या शेवटी चिंचवडलाच एका लग्नघरी मी तिच्याबरोबर गेले होते. नवरी हूडखाली, बाहेर सनई, भिंतीवर घड्याळ. पूर्वी वाळलं का ते बघायला मावशी एक रोलर सोडून पाहायची, आणि ओलं निघालं तर ती बट वाया जायची. त्या दिवशी तिने रोलर सोडलाच नाही. तिरक्या तोंडातून करंगळी आत घातली आणि फटीतून सगळ्यात आतल्या वेढ्याला, टोकाला, बोट टेकवलं. असं करता येईल हे मी ड्रॉइंगमध्ये कधी योजलं नव्हतं. ओला केस माठासारखा गार लागतो. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. तिने कानामागचा रोलर तपासला, मग टाळूवरचा, मग मानेजवळचा.

"हा गार आहे अजून," ती मानेजवळच्या रोलरबद्दल म्हणाली. "बाकीचे काढायला घे."